टीव्ही उशिरा दाखवतो

परवा नातवाने अमेरिकेतून एक फोटो पाठवला. नव्या घरातली बैठकीची खोली. भिंतीवर हे एवढं मोठं टीव्हीचं काळंभोर तावदान, आणि त्याच्या खाली कोपऱ्यात, जमिनीवरच, एक जुना, पाठीला कुबड असलेला डबा टीव्ही. मला वाटलं भंगारात द्यायचा राहिला असेल. फोनवर विचारलं तर म्हणाला, "नाही गं आजी, तो मुद्दाम शोधून आणलाय. जुने गेम त्याच्यावरच नीट खेळता येतात."

त्यावरून २००७ सालची एक गोष्ट आठवली. ती आठवली की अजूनही थोडं ओशाळल्यासारखं होतं, म्हणून आज लिहायला बसले. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे गोष्ट सांगताना मागे मागे जायची खोड आहे. घरच्यांना ती माहीतच आहे, बाकीच्या ब्लॉगकरांनी सांभाळून घ्यावं.

तर त्या डिसेंबरात मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. नातू अकरा वर्षांचा. त्याच्याकडे एक्सबॉक्स ३६० आला होता आणि त्यासाठी घरात हाय डेफिनिशन टीव्ही हवा असं ठरलं होतं. जावयांनी रीतसर कागद केला होता. किती इंची, ७२० की १०८०, एलसीडी की प्लाझ्मा, किंमत किती. आम्ही सगळे दुकानात गेलो. एका भिंतीवर पन्नासेक टीव्ही, आणि सगळ्यांवर तेच मासे, तेच पोपट, तीच फुलं. रंग असे की डोळे दिपावेत. (हे रंग दुकानातल्या झगझगीत उजेडासाठी मुद्दाम वाढवून ठेवलेले असतात, हे पुढे कळलं. आपल्याकडच्या साडीच्या दुकानात काही वेगळं नसतं.) नातवाने विक्रेत्याला विचारलं, "यावर गेम चांगले दिसतील का?" तो म्हणाला, "सगळंच चांगलं दिसेल." खेळाचं यंत्र लावून कोणी दाखवलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही. चाळीस इंची घेतला. कंपनीचं नाव कशाला घ्या, त्या काळी बहुतेकांचे सारखेच होते.

घरी आल्यावर नातवाने गिटारचा खेळ लावला. प्लास्टिकची गिटार गळ्यात अडकवायची, पडद्यावरून रंगीत चकत्या घरंगळत खाली येतात, त्या रेषेवर पोचल्या की बरोबर त्या क्षणी बटण दाबून तार छेडायची. आदल्या आठवड्यापर्यंत हा मुलगा त्यात पटाईत होता. नव्या टीव्हीवर त्याची एकेक चकती चुकू लागली. दोन-तीन गाणी झाली आणि गिटार काढून ठेवत तो म्हणाला, "टीव्ही लेट आहे."

मी काय म्हणावं? "नाचता येईना अंगण वाकडं!"

जावई म्हणाले, "अरे, एवढा महागाचा टीव्ही लेट कसा असेल?" त्याने मग ते यंत्र उचलून तळघरात नेलं, तिथे ठेवलेल्या जुन्या टीव्हीला जोडलं आणि तेच गाणं बिनचूक वाजवलं. मला हाक मारून दाखवलंसुद्धा. मी म्हटलं, सवयीचा परिणाम. तीसहून जास्त वर्षं वर्गात "बाई, पेनच खराब आहे" ऐकलेलं होतं. मुलाने पुरावा समोर ठेवला होता आणि मी, इतिहासाची शिक्षिका, तो पाहिलाच नाही.

आता मागे जाते.

नळीच्या टीव्हीला स्मरणशक्ती नव्हती. हे वाक्य मला फार उशिरा सुचलं, पण सगळी गोम यातच आहे. मागून एक इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली एकेक रेषा रंगवत जातो. तारेतून जे आलं ते त्याच क्षणी पडद्यावर. साठवायला जागाच नाही, तर उशीर कुठून होणार? अमेरिकेत १९४१ मध्ये ५२५ रेषांचं मानक ठरलं, आपल्याकडे ६२५ रेषांचं आलं. त्यांच्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तनांचा म्हणून साठ अर्धी चित्रं, आपल्याकडे ५० चा म्हणून पन्नास. अर्धी अशासाठी की आधी एक, तीन, पाच अशा विषम रेषा काढायच्या आणि मग दोन, चार, सहा अशा सम. डोळ्याला ते एकच चित्र वाटतं. ही काटकसरीची युक्ती १९३० च्या सुमाराची, आणि ती पुढे भलतीच महाग पडणार होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत मॅग्नावॉक्स कंपनीने 'ओडिसी' नावाचा डबा बाजारात आणला. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचं हे पहिलं यंत्र. त्यामागचा माणूस राल्फ बेअर, जर्मनीतून लहानपणी निसटलेला ज्यू, पेशाने टीव्हीचा इंजिनिअर. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकावर वाट बघत बसला असताना त्याला वाटलं, घरोघरी हे एवढे टीव्ही आहेत, त्यांच्याकडे नुसतं बघत बसण्यापलीकडे काही करता येणार नाही का? बस स्थानकावर आपल्याला चहाशिवाय काही सुचत नाही. असो.

ओडिसीच्या पडद्यावर दिसायचे नुसते पांढरे ठिपके आणि एक रेघ. मैदान, जाळं, घरं हवी असतील तर रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर लावायचा. आणि गंमत अशी, की हा डबा मॅग्नावॉक्सच्याच दुकानांतून विकला गेल्यामुळे पुष्कळांचा समज झाला, हा मॅग्नावॉक्सच्याच टीव्हीवर चालतो. खरं तर कुठल्याही टीव्हीवर चालायचा. म्हणजे 'खेळासाठी टीव्ही कोणता घ्यावा' हा घोळ खेळाच्या जन्मापासूनचा आहे.

१९७७ च्या अटारीच्या यंत्राची कामचलाऊ स्मृती अवघी १२८ बाइट होती. अख्खं चित्र त्यात मावणं शक्यच नव्हतं. म्हणून खेळ लिहिणारे झोत कुठल्या रेषेवर पोचला याचा हिशेब ठेवून, तो पुढच्या रेषेवर यायच्या आत तिथे काय काढायचं ते कळवायचे. मला हे वाचताना दिवाळीच्या फराळाची आठवण झाली. एकजण पुरी लाटतेय, दुसरी तळतेय, लाटणारीचा हात थांबला की कढई रिकामी!

पण टीव्हीच्या तत्परतेवर सगळ्यात जास्त भिस्त ठेवली ती निन्टेन्डोच्या बदकांच्या खेळाने, 'डक हंट'ने. १९८४ चा हा जपानी खेळ. पडद्यावर बदक उडतं, हातात प्लास्टिकची बंदूक. मला वाटायचं बंदुकीतून काहीतरी किरण निघत असतील. निघत काहीच नाही, उलट बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा निमिषभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. दोन बदकं असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक उमटतात. बंदुकीला उजेड कोणत्या क्षणी दिसला त्यावरून यंत्र ठरवतं, बदक पडलं की नाही आणि कोणतं पडलं. टीव्ही क्षणाचाही उशीर करणार नाही ही इथे खात्रीच धरली आहे. म्हणूनच हा खेळ आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. नातवाने तो कुबडा टीव्ही आणला तो याच्याचसाठी.

(आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेटचे व्हिडिओ गेम आले, ते याच यंत्राच्या नकला. माझ्या मुलाने परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत त्यावर काय उच्छाद मांडला होता ते त्याच्या बायकोने वाचावं म्हणून इथे नोंदवून ठेवते.)

हे सगळं खेळण्याच्या बाजूचं झालं. बघण्याची बाजू वेगळीच वाढत होती, आणि ती मुख्यतः जपानात.

१९६४ चं टोकियो ऑलिम्पिक संपलं आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत पुढच्या पिढीच्या टीव्हीचा विचार सुरू झाला. ताकाशी फुजिओ हे या कामाचे म्होरके. त्यांचे प्रश्न मला फार आवडतात. माणसाने टीव्हीपासून किती अंतरावर बसावं? चित्र किती रुंद झालं म्हणजे समोर चौकट आहे हे तो विसरतो? किती बारीक रेषा असल्या म्हणजे जवळ बसूनही त्या दिसत नाहीत? माणसांना बसवून, चित्रं दाखवून त्यांनी उत्तरं काढली. चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसायचं, आणि रेषा ११२५. फेब्रुवारी १९८१ मध्ये हे चित्र सॅन फ्रान्सिस्कोत दाखवलं तेव्हा अमेरिकन इंजिनिअर थक्क झाले. १९९१ च्या नोव्हेंबरपासून जपानात ते उपग्रहावरून रोज आठ तास दिसू लागलं.

पण ते प्रसारण मुळात जुन्या, अॅनालॉग पद्धतीचं होतं. अमेरिकेने १९८७ मध्ये स्वतःची समिती नेमली, वेगवेगळ्या कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले, आणि जून १९९० मध्ये, मुदत संपता संपता, जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने जाहीर केलं की आम्ही अख्खं चित्र आकड्यांत बदलून, दाबून पाठवू. डाव उलटला. १९९३ मध्ये भांडणाऱ्या कंपन्या आणि एमआयटी ही संस्था एकत्र आल्या, 'ग्रँड अलायन्स' नावाची मोट बांधली गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. जपानने आपलं ते जुनं प्रसारण शेवटी २००७ च्या सप्टेंबरअखेर बंद केलं, म्हणजे आम्ही दुकानात उभे होतो त्याच्या जेमतेम तीन महिने आधी.

मान्यता मिळण्यापूर्वीचं भांडण मात्र आमच्या गोष्टीच्या कामाचं आहे. टीव्हीवाले म्हणत, विषम-सम रेषांची जुनी युक्ती राहू द्या. संगणकवाले म्हणत, ती काढाच, प्रत्येक वेळी पूर्ण चित्र द्या, अक्षरं थरथरतात. तोड अशी निघाली की कुठलाच प्रकार सक्तीचा नाही. त्यामुळे एका 'एचडी' या नावाखाली दोन प्रकार नांदू लागले. ७२०पी म्हणजे ७२० रेषांचं पूर्ण चित्र, सेकंदाला साठ वेळा. १०८०आय म्हणजे १०८० रेषा, पण जुन्याच रीतीने अर्ध्या अर्ध्या, एका वेळी ५४०. एबीसी आणि फॉक्स वाहिन्यांनी पहिला घेतला, सीबीएस आणि एनबीसीने दुसरा. गिऱ्हाईक बिचारं १०८० हा आकडा मोठा म्हणून तो चांगला समजायचं. वेगाने हलणाऱ्या खेळासाठी ७२०पी सरस, हे पाटीवर कोण लिहिणार?

याचा फटका कसा बसला पाहा. अमेरिकेत सुरुवातीला हजारो डॉलर मोजून ज्यांनी एचडी टीव्ही घेतले, त्यांतल्या बऱ्याच टीव्हींना १०८०आय कळायचं, ७२०पी कळायचंच नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीचं प्लेस्टेशन ३ आलं. त्याचे बहुतेक खेळ ७२०पी. ते १०८०आय मध्ये बदलून देणं या यंत्राला जमेना, म्हणून ते सरळ ४८० रेषांवर उतरायचं. म्हणजे टीव्ही एचडी, यंत्र एचडी, खेळ एचडी आणि चित्र मात्र जुन्याच वळणाचं! वर्षभर आधी, नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० ला ही बदलाबदल जमत होती, पण पहिल्या यंत्रांना एचडीएमआयचं भोक नव्हतं. ते २००७ मध्ये आलं. आणि ज्या खेळांसाठी ही धावपळ, त्यांतले सगळे तरी खरे एचडी कुठे होते? सप्टेंबर २००७ चा गाजलेला 'हॅलो ३' आतून ६४० रेषांचाच निघाला. चित्रातले ठिपके मोजणारी माणसं असतात, त्यांनी पकडलं आणि निर्मात्यांनी मान्य केलं. शाळा तपासणीची आठवण झाली. बाहेरच्या भिंतीला रंग, आत फळा तोच.

आता उशिराकडे येते. सपाट टीव्हीत झोत नाही. ठिपके जागच्या जागी पक्के बसवलेले. त्या काळात ७२० म्हणून विकले जाणारे कितीतरी टीव्ही प्रत्यक्षात ७६८ ओळींचे असत. म्हणजे ७२० आलं तरी ताणा, १०८० आलं तरी आवळा. अर्धी चित्रं आली तर विषम रेषा हातात धरून सम रेषांची वाट बघा, मग जुळवा. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून पुढचं चित्र येईपर्यंत थांबा आणि मधलं एक मनाने बनवून घाला. वर रंग उजळा, कडा ठसठशीत करा. या प्रत्येक कामासाठी चित्र साठवावं लागतं. एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. अशी चार साठवली की पंधरावा भाग उशीर. नळीला नसलेली स्मरणशक्ती या टीव्हीला आली, आणि आठवणीत रमणाऱ्या माणसासारखा तो जरा मागे राहू लागला. (माझ्यावरून सांगते.)

बघणाऱ्याला हे कळत नाही. क्रिकेटचा सामना चालू असताना शेजारच्या घरातून "आउट!" असा ओरडा आधी येतो आणि आपल्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावतच असतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. शेजार नसता तर आपला सामना उशिरा चाललाय हे आपल्याला जन्मात कळलं नसतं. खेळणाऱ्याला मात्र ते लगेच कळतं, कारण त्याचा हातच त्याचा शेजारी. फुजिओंच्या प्रश्नांत डोळा होता, अंतर होतं, चौकट होती. हात नव्हता. तो त्यांचा दोष नाही, १९६४ मध्ये टीव्हीपुढे हात लागतो कुणाचा? पण २००७ मध्ये त्या दुकानात तरी, खेळासाठी म्हणूनच टीव्ही घेणाऱ्या आमच्या कागदावर, हात कुठे होता? तो प्रश्न एकट्या अकरा वर्षांच्या मुलाने विचारला होता.

पुढे काय झालं ते सांगते. चार-पाच दिवसांनी शेजारचा एक मोठा मुलगा आला. त्याने नातवाचं ऐकून घेतलं (मी हे मुद्दाम लिहितेय), आणि त्या गिटारच्या खेळातच, आतल्या यादीत, एक पान उघडून दाखवलं. तुमचा टीव्ही किती उशीर करतो ते इथे मोजा आणि जुळवून घ्या, अशी सोय खेळ बनवणाऱ्यांनीच करून ठेवली होती. म्हणजे त्यांना ठाऊक होतं! मग त्याने टीव्हीचा रिमोट घेतला आणि चित्राच्या यादीत खोल कुठेतरी दडलेला 'गेम' हा पर्याय लावला. तो लावला की टीव्ही आपली सगळी कलाकुसर बाजूला ठेवतो आणि आलेलं चित्र तसंच पुढे ढकलतो. रंग थोडे भडक दिसायला लागले, कडा जरा रुक्ष झाल्या, आणि नातवाच्या चकत्या बसू लागल्या.

त्या वेळी मी "माझं चुकलं रे" असं म्हणायला हवं होतं. "बघ बाळा, सापडला की नाही उपाय!" असं म्हणून मी वेळ मारून नेली.

हा दडलेला पर्याय आपोआप लागावा, खेळाच्या यंत्रानेच टीव्हीला 'आता घाई कर' असं कळवावं, याची तरतूद एचडीएमआयच्या मानकात यायला २०१७ उजाडलं. दहा वर्षं! आता टीव्ही सेकंदाला १२० चित्रं दाखवतात, यंत्राला चित्र बनवायला कमीजास्त वेळ लागला तर टीव्हीही त्याच्या तालावर थांबतो, आणि उशीर किती हे चाचण्या घेणारे लोक हजारांश सेकंदांत मोजून छापतात. नातवाने भिंतीवरचा तो नवा टीव्ही घेताना म्हणे पहिल्यांदा तोच आकडा पाहिला. इंच नंतर, किंमत शेवटी.

परवाच्या फोनवर मी त्याला ते तळघरातलं गाणं, माझी म्हण, सगळं सांगितलं आणि उशिरा का होईना, चुकलं म्हटलं. मला वाटलं होतं तो विसरला असेल. तो हसून म्हणाला, "नाचता येईना टीव्ही वाकडा. मी मित्रांना सांगतो ती म्हण." मग कुबडा टीव्ही कुठून आणला ते सांगू लागला. कोणीतरी रस्त्याच्या कडेला कचऱ्यात ठेवला होता, फुकट. दोघांनी मिळून गाडीत घातला आणि तिसऱ्या मजल्यावर चढवताना दोघांच्याही कमरा धरल्या. बंदूक मात्र अजून मिळालेली नाही. माझ्या मुलाच्या त्या नव्वदच्या दशकातल्या खेळाची बंदूक माळ्यावर असेल तर पाठवून दे म्हणाला. उद्या शिडी लावून बघायला सांगते.